खुंट्याला बांधलेला माणूस

बांधलेला माणूस दिसला की बघणाऱ्याला हसू येतं, नाहीतर कीव येते. तिसरं काही येत नाही. हा माणूस वर्षातून चार दिवस कमरेला दोरी लावून लोखंडी खुंट्याला बांधलेला असे. रस्त्याने येणारे-जाणारे कुंपणाच्या जाळीतून ते बघत आणि हसत हसत पुढे जात. त्याचं नावच मग खुंटा पडलं. बायको आणि मेहुणा सोडले तर सगळे त्याला खुंटा म्हणत आणि तो बिनदिक्कत ओ देई. त्यात रागावण्यासारखं त्याला काही वाटत नसे, कारण आपल्याला का बांधलंय हे त्याला ठाऊक होतं. ज्या दिवशी त्याला त्या दोरीची लाज वाटली, त्या दिवसापासून पुढचं सगळं घडत गेलं.

शहराच्या टोकाला, बस जिथे वळसा घालून माघारी फिरते तिथे, सहा जणांच्या गटाचं काम चाले. खाणावळी, दवाखाने, शाळा यांच्याकडचं उरलंसुरलं अन्न आणि बाजारातला भाजीपाल्याचा कचरा तिथे येई. एका लांब टेबलावर तो निवडायचा. त्यातून चमचे निघत, रबरं निघत, औषधांच्या बाटल्या निघत, एकदा तर कवळीसुद्धा निघाली होती. निवडलेला माल दळून जमिनीखालच्या टाकीत जाई, तिथे कुजे, आणि त्याचा वायू नळीने जवळच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जाऊन चुली पेटवी. उरलेला रेंदा बागांना खत म्हणून जाई. हे काम देणाऱ्या कचेरीच्या फायलीत या सगळ्याला 'शाश्वत विकासाचा सामाजिक नवोपक्रम' असं भारदस्त नाव होतं. खुंटा म्हणे, "आम्ही शिळ्यावर चूल पेटवतो, एवढंच."

टाकी गोल होती आणि दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल. रेंदा पंपाने उपसता येई. पण तळाशी रेती, हाडांचे तुकडे, खडे असा गाळ घट्ट बसे, आणि तो काढायला वर्षातून एकदा माणसालाच खाली उतरावं लागे. आधी दोन दिवस झाकण उघडं ठेवायचं, पंख्याने हवा सोडायची, मगच उतरायचं. तरीसुद्धा गाळाची खपली फोडली की तिच्याखाली कोंडलेला वायू सुटे. तो थोडा असला तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त झाला की आधी नाक मरतं. वास यायचा थांबतो, नवख्याला वाटतं हवा सुधारली, आणि पुढच्या दोन-तीन श्वासांत तो आडवा होतो. हवेचे मुखवटे कचेरीकडे मागितले होते. ते मंजूरही झाले होते. मंजुरीचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, मुखवटे मात्र यायचे होते.

या कामाचे नियम उस्तादाने घालून दिले होते. उस्ताद म्हणजे गटातला सगळ्यात जुना माणूस, आता थकून घरी बसलेला. तरुणपणी दुसऱ्या एका टाकीवर त्याने एकाच घरातले तिघे जाताना पाहिले होते. पहिला पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा. चौथा उस्ताद स्वतःच उतरणार होता; कोणीतरी मागून गचांडी धरली म्हणून वाचला. तेव्हापासून त्याचा नियम एकच. खाली उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा, पट्ट्याला दोर, दोर तिपाईच्या कप्पीवरून वर, आणि तो धरायला गटातला सगळ्यात जबाबदार माणूस. त्या माणसाला मात्र खुंट्याला बांधायचं. दोरी आखूड हवी आणि गाठ पाठीमागे, त्याचा स्वतःचा हात पोचणार नाही अशी.

"खालच्याला दोर कशाला, ते गाढवालाही कळतं," उस्ताद म्हणे. "वरच्याला कशाला, ते तिघं मेल्यावर कळतं. खालचा पडला की वरच्याची अक्कल पहिल्यांदा जाते. अक्कल गेली तरी गाठ राहते. दोर अडकला तर ढील दे आणि पुन्हा ओढ. शंभर वेळा ओढ. पण उतरू नको."

खुंटा अठरा वर्षांचा असताना या कामावर आला. दहा वर्षं टाकीत उतरला, आणि मग उस्तादाने दोर त्याच्या हातात दिला, त्याला आता आठ वर्षं झाली होती. तो कमी बोलणारा आणि जागचा न हलणारा माणूस होता. उस्तादाने त्याच्यात बहुधा तेच पाहिलं असावं. दोर धरला की तो मनात वीसपर्यंत मोजी आणि हाक मारी, "जिवंत?" खालून "आहे" असं उत्तर आलं की पुन्हा एकपासून. मोजायची सवय अशी हाडीमासी भिनली की तो दूध तापवतानाही मोजी आणि बसची वाट बघतानाही.

त्याचा मेहुणा गटात आला आणि त्या उत्तरात बदल झाला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली होती, त्यामुळे बहिणीनेच त्याला भरवून, न्हाऊमाखू घालून, प्रसंगी चोपून वाढवलेला. तिनेच त्याला या कामावर लावलं. ती स्वतः निवडणीच्या टेबलावर होती. पोराची जीभ एक क्षण गप्प बसत नसे आणि पाय त्याहून नाही. पहिल्यांदा टाकीत उतरला तेव्हा वरून हाक आली, "जिवंत?" आणि खालून गाळाच्या फावड्यासकट उत्तर आलं, "दुर्दैवानं!"

टेबलावरच्या बायका हसून हसून वाकल्या. खुंट्यालाही हसू आवरेना. मग तो घरचाच विनोद झाला. संध्याकाळी खुंटा दारात चपला काढताना आत हाक टाकी, "जिवंत?" आणि चुलीपाशी असलेली बायको उत्तर देई, "दुर्दैवानं!" बारा वर्षांच्या संसारात एवढं बोलणं पुरेसं होतं. बाकीचं मेहुणा बोले.

मेहुण्याइतका झपाट्याने गाळ उपसणारा गटात दुसरा नव्हता. पण उस्तादाने काम सोडताना खुंट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "याला खाली पाठव, हवा तितका पाठव. याच्या हातात दोर देऊ नको. पोरगं सोन्यासारखं आहे, पण याचं काळीज पायात आहे."

मग कचेरीचं पत्र आलं. दुसरी टाकी बांधायची होती आणि ती ज्या गटाचा प्रमुख प्रशिक्षित असेल त्याच गटाला चालवायला मिळणार होती. प्रशिक्षण होतं 'सामाजिक नवोपक्रम आणि शाश्वततेसाठी नेतृत्व', सहा महिने, दर शनिवारी. खुंट्याने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "मला कशाला नेतृत्व?" तो बायकोला म्हणाला. "सहा माणसं आहेत. त्यातली दोन घरातली."

"जा की," बायको म्हणाली. "निदान शनिवारचे कपडे तरी स्वच्छ राहतील."

वर्ग एका सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. खुर्च्या गोल मांडलेल्या, म्हणजे मागच्या बाकावर लपायची सोय नाही. भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या. एक शाळामास्तर होते, एक परिचारिका होती, कापडी पिशव्या शिवणाऱ्या गटाची एक बाई होती, आणि झाडं लावणाऱ्या संस्थेतला एक दाढीवाला होता. तो फार छान बोले आणि बोलून झालं की इकडेतिकडे बघे. शिकवणारी मॅडम चाळिशीची असेल. खोटं कशाला बोलावं, बाई मनापासून शिकवायची. सगळ्यांची नावं तिला पहिल्याच दिवशी पाठ झाली, आणि खुंट्याला तिने खुंटा म्हणायला साफ नकार दिला.

तिथे शिकलेलं फुकटही गेलं नाही. कोणाला न विचारता ठरवायचं नाही, हे तिथे शिकवलं. खुंट्याने सोमवारी गट गोल बसवला आणि टेबलावरच्या बायकांना विचारलं, काय अडतंय? मग त्याची बायकोच म्हणाली, की टेबल वीतभर बुटकं आहे, नऊ वर्षं सगळ्यांच्या कमरा मोडतायत. नऊ वर्षं! आणि टेबलाचे पाय उंच करायला लागला फक्त अर्धा दिवस. खुंटा ओशाळला. रोज ज्या बाईबरोबर जेवतो तिची कंबर का दुखते, हे आपण कधी विचारलं नाही, हे त्याला लागलं. मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे, असं त्याने त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. भल्या माणसाचं असंच होतं. एक गोष्ट खरी निघाली की तो पुढच्या दहा तपासत नाही.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. मॅडमने प्रत्येकाला कागद दिला आणि सांगितलं, तुमच्या कामाची जागा काढा आणि त्यात तुम्ही कुठे उभे असता तिथे लाल ठिपका द्या. खुंट्याने टाकी काढली. आत एक माणूस, वर तिपाई, आजूबाजूला तिघे. शेजारी लोखंडी खुंटा, आणि त्याला टेकून लाल ठिपका.

"ही रेघ कसली?" मॅडमने विचारलं.

"दोरी. मला बांधतात."

"तुम्हाला?" दाढीवाला पुढे वाकला. "म्हणजे पुढाऱ्यालाच बांधून ठेवतात? पळून जाऊ नये म्हणून?"

सगळे हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. खुंटाही हसला. सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, उस्तादाचे ते तिघे त्याच्या जिभेवर आले होते; पण हसण्याच्या लाटेत ते सांगणं त्याला जड वाटलं, आणि ती मेलेली माणसं तिथे त्या रंगीत चिठ्ठ्यांमध्ये आणणं बरं दिसेना. तो गप्प राहिला. तेवढ्यात मॅडमने गंभीरपणे विचारलं, "आणि या खालच्या माणसाच्या जागी तुम्ही शेवटचे कधी होता?"

"आठ वर्षं झाली."

मॅडम त्याला टोचायला बोलली नव्हती. ती फळ्याकडे वळली आणि सगळ्यांसाठीच लिहिलं: जो स्वतः उतरत नाही, त्याने दुसऱ्याला उतरवू नये. खुंट्याने ते वहीत उतरवून घेतलं. त्याचे कान तापले होते. आठ वर्षं तो वर उभा होता आणि त्याचा मेहुणा खाली होता, एवढंच त्याला त्या कागदावर दिसत होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत, का बांधतात ते?"

"सांगणार होतो. सगळे हसत होते."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हसले तर हसले. तुम्हाला कधीपासून लागायला लागलं?"

लागत होतं, हे खरं होतं.

साफसफाईचे दिवस आले. खुंट्याने गटाला गोल बसवून सांगितलं, या वर्षी पहिला मी उतरणार. एक बाई म्हणाली, पण दोर? मेहुण्याने हात वर केला. आनंदाने त्याचे डोळे चमकले, कारण आजवर कोणी त्याच्या हातात दोर दिला नव्हता आणि का दिला नव्हता हेही त्याला माहीत होतं. खुंट्याने ते डोळे पाहिले. उस्तादाचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि वाटलं, हेच ते, आपण एकट्याने कोणाबद्दल तरी ठरवून टाकायचं आणि त्याला जन्मभर त्या ठरवण्यात कोंडून ठेवायचं. त्याने होकार दिला. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

सकाळी दहाची वेळ होती, स्वच्छ ऊन होतं. पंखा दोन दिवस चाललेला. खुंट्याने पट्टा चढवला. मेहुणा लोखंडी खुंट्याजवळ उभा राहून दोर हातात खेळवत होता.

टेबलापाशी बसलेल्या बायकोने मान वर केली. "त्याला बांधलं का?"

"बांधाबांधी बंद," खुंटा म्हणाला. "जनावर आहे का तो? विश्वासावर चालतं सगळं."

"ताई, तू बटाट्यांकडे बघ," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, उतरा बिनधास्त. आज साहेब मी आहे."

बायको अर्धवट उठली होती. पुन्हा बसली.

आठ वर्षांनी खुंटा शिडीवरून खाली गेला. खालचा अंधार त्याला ओळखीचा होता, पायाखालचा गाळही. अंड्यांचा वास होता, म्हणजे सगळं ठीक. वरून मोठ्या रुबाबात हाक आली, "जिवंत?" आणि त्याने उत्तर दिलं, "दुर्दैवानं!" वर बायका हसलेल्या त्याला ऐकू आल्या. त्याला खरोखर बरं वाटलं. चार बादल्या भरून वर गेल्या. पाचवीसाठी तो शिडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथली खपली फावड्याने फोडली. एक मोठा तुकडा निघाला. मग त्याच्या लक्षात आलं, की आता वास येत नाहीये. हे चांगलं नाही, एवढा विचार पुरा व्हायच्या आत त्याचे गुडघे गेले.

पुढचं त्याने पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी नंतर सांगितलं. मेहुण्याने हाक मारली, उत्तर नाही. त्याने दोर ओढला, इतर दोघांनीही हात लावला. दोर थोडा आला आणि अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. शिडीला वळसा घातलेला असल्यामुळे दोर शिडीच्या पायात गुंतला होता. मेहुणा ओरडला, "भाऊजी!" आणि हातातला दोर शेजारच्याकडे फेकून शिडीवरून खाली गेला. त्याला धरायला कोणाचा हात पोचला नाही. त्याची बहीण टेबलापासून धावत आली, तोवर त्याचं डोकं झाकणाच्या खाली गेलं होतं. त्याने दोर सोडवला. खालून ओरडला, "ओढा!" वरच्यांनी ओढलं, आणि दोराला खुंटा वर आला. दोर एकच होता. दुसरा आणून, आकडा लावून मेहुण्याला वर काढेपर्यंत बाराएक मिनिटं गेली.

खुंट्याने डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं आणि शेजारी बायको गुडघ्यांवर बसली होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. तिच्यापुढे कोण आडवं आहे, हे तिच्या पाठीवरूनच त्याला कळलं.

आठवड्याने उस्ताद काठी टेकत आला. एका पोत्यात रेती भरायला लावली, माणसाच्या वजनाइतकी. पोतं पट्ट्यात बांधून टाकीत सोडलं, शिडीला वळसा घालून पलीकडे टाकायला लावलं, आणि दोर स्वतः हातात घेतला. ओढला, अडकला. पुन्हा ओढला, अडकला. मग त्याने हातभर ढील दिली, दोर एकदा डावीकडे झटकला आणि ओढला. कप्पी किरकिरली. पोतं हळूहळू वर आलं आणि झाकणाच्या कडेशी लोंबकळत राहिलं. तेवढ्या वेळात फार तर चाळीस आकडे मोजून झाले असते.

सगळा गट बघत होता. खुंट्याची बायकोही बघत होती. उस्ताद रडत होता आणि दोर सोडत नव्हता.

"हे तुम्ही आम्हाला का दाखवलंत?" खुंटा कसाबसा म्हणाला.

"तू नाही धरलास तर दुसरं कोणीतरी धरणार आहे," उस्ताद म्हणाला. "त्याला माहीत पाहिजे."

मॅडम घरी आली. एकटीच आली, हातात फाईल नव्हती. कचेरीच्या अहवालात त्या मृत्यूला 'सहकाऱ्याचा असामान्य त्याग' असं म्हटलं होतं. ते तिने लिहिलं नव्हतं, आणि ते खोडायला लावताना तिने तिथे भांडण केलं होतं. पण हे तिने सांगितलं नाही, नंतर कळलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "दोरी का बांधतात, हे मी विचारलंच नाही."

"चूक तुमची नाही, मॅडम," खुंटा म्हणाला. "तुम्हाला टाकी माहीत नव्हती. मला माहीत होती. मी हसलो."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज होत होता. तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मॅडम गेल्यावर खुंट्याने ती वही काढली. तिच्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं, हेच त्याला छळत होतं. टेबलाची उंची खरी होती. गोल बसणं खरं होतं. आणि ते फळ्यावरचं वाक्यही जगात कुठेतरी खरंच असणार. त्या टाकीच्या तोंडाशी मात्र नव्हतं. तिथे सगळ्यात अवघड काम वर उभं राहण्याचंच होतं, आणि ते त्याने आठ वर्षं केलं होतं, आणि चार माणसं हसली म्हणून ते सोडून सोपं काम करायला तो खाली उतरला होता.

बायको त्याला सोडून गेली नाही. भांडली नाही. भांडली असती तर त्याने उपकार मानले असते. ती जेवायला वाढी, कपडे वाळत घाली, कामावर जाई, टेबलापाशी बसे. विचारलेल्याला उत्तर देई आणि स्वतःहून एक शब्द काढत नसे. संध्याकाळी तो दारात चपला काढी आणि हाक न मारता आत येई. एकदाच, दिवाबत्तीच्या वेळी, ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी उठले होते. मग बसले. तुम्ही शिकून आला होतात, म्हटलं तुम्हाला जास्त कळत असेल." एवढं बोलून ती पाणी भरायला गेली. खुंटा तिथेच बसून राहिला आणि वीसपर्यंत मोजत राहिला. कशासाठी मोजतोय, हे त्याला कळत नव्हतं.

चार महिन्यांनी मुखवटे आले. दोन आले. भिंतीवरचा मंजुरीचा कागद कोणीतरी काढून टाकला. दुसऱ्या टाकीचं पुढे कोणी नाव काढलं नाही.

वर्ष फिरलं. पहिल्या टाकीत गाळ भरला होता; तो कोणासाठी थांबत नाही. गट गोल बसला. आता उतरायला नवा माणूस होता, शांत, तिशीचा, दोन लेकरांचा बाप. दोर कोण धरणार, असा प्रश्न निघाला आणि सगळे जमिनीकडे बघू लागले.

"मी धरणार नाही," खुंटा म्हणाला. "माझ्या हातात देऊ नका."

"यांनीच धरायचा," बायको म्हणाली. वर्षभरात गटासमोर ती पहिल्यांदाच बोलली होती. "यांच्यापेक्षा चांगला कोणाला येत नाही. आणि गाठ मी मारणार."

विरोध कोणाचा नव्हता.

सकाळ झाली. पुन्हा तसंच स्वच्छ ऊन. नव्या माणसाने मुखवटा चढवला, पट्टा घट्ट केला, शिडीवरून खाली गेला. खुंट्याने दोर हाती घेतला. बायको मागे आली, त्याच्या कमरेभोवती दोरी फिरवली, लोखंडी खुंट्याला टाकली आणि गाठ मारली. एकदा मारून तिचं समाधान झालं नाही. पाय खुंट्याला लावून तिने पुन्हा आवळली, दोरी त्याच्या पोटात रुतेपर्यंत. रस्त्यावर दोन माणसं जाळीपाशी थांबली आणि एकमेकांकडे बघून हसली. खुंट्याला काहीच वाटलं नाही.

तो मोजू लागला. वीस झाले. त्याचं तोंड आपोआप उघडलं, आणि वर्षभर न उच्चारलेला तो शब्द बाहेर पडला.

"जिवंत?"

खालून मुखवट्यातून घुसमटलेला आवाज आला, "आहे, आहे."

आणि मागून, अगदी कानाशी, बायको हळू आवाजात म्हणाली, "दुर्दैवानं."

त्याला वळून तिच्याकडे बघायचं होतं. दोरी आखूड होती, वळता येईना. त्याने दोर घट्ट धरला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.